दोन मिलिमीटर कुठे गेले? कुळागरातल्या एका डिझेल पंपाचं प्रकरण

हे प्रकरण फोंडा तालुक्यातलं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि घरचे तपशील गाळले आहेत. मापं वहीत टिपली होती तशीच दिली आहेत, कारण या गोष्टीचा सगळा जीव मापांत आहे.

पार्श्वभूमी

व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने उतरत गेलेलं जुनं कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्यांची बाग. पोफळींवर मिरीचे वेल, खालच्या सावलीत जायफळ आणि केळी. पावसानंतर दोन-तीन महिने पाटाचं पाणी आपोआप फिरतं. पुढे व्हाळ खाली गेला की पंपाशिवाय गत्यंतर नाही. विजेची लाइन घरापर्यंत आहे, व्हाळापर्यंत नाही. त्यामुळे खालच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं सात एचपीचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 87.5 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास) 110, पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड मध्यापासून मध्यापर्यंत 234, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) 17.5, वेग मिनिटाला 1500 फेरे. या मापांची इंजिनं अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्येही असतात. मी आयटीआयमध्ये इंजिनं शिकवत होतो, त्यामुळे हे आकडे मला पाठ आहेत.

कुळागराचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. इंजिनाचं काम पाहणारा मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. हाताचा चांगला, मेहनती, आणि फोनवर वाचून काही ना काही शिकत राहणारा.

अडचण कशी सुरू झाली

पावसाळ्यात उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवतात. त्या वर्षी तो वाऱ्याने उडाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहील अशा जागी इंजिन थांबलं होतं, त्यामुळे पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरलं. नोव्हेंबरात गड्याने डीकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून दाब मोडणारी) उचलून हँडल मारलं, चाक वेगात आलं, लिव्हर सोडली आणि इंजिन एका आवाजात जागच्या जागी थांबलं. पाणी दाबलं जात नाही. या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी एकूण जागाच 40 घन सेंटिमीटर. पाणी त्याहून जास्त असेल, तर फ्लायव्हीलचा सगळा जोर रॉडवर येतो.

पाणी काढलं, ऑइल बदललं, इंजिन चालू झालं. पण सकाळी सुरू व्हायला आठ-दहा वेळा हँडल, वर पांढरा धूर, आणि लोड टाकला की दम लागल्यासारखा आवाज. जानेवारीच्या शेवटी मेकॅनिकने खोललं तेव्हा रॉड वाकलेला दिसला. बेळगावहून वापरलेला रॉड आणून, नवे बेअरिंग घालून त्याने इंजिन बांधलं.

दुखणं तसंच राहिलं.

इथून गाडी भलत्या वाटेला लागली. "रॉड बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष रॉडमध्ये नव्हता," असं मेकॅनिकने धरलं. ऐकायला हे बरोबर वाटतं. मग डिझेल फवारणारा नोझल बदलला, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. तरी सुधारेना, तेव्हा फ्युएल पंपाखालच्या शिम (पातळ चकत्या) काढून डिझेल लवकर पडेल असं केलं. त्याने धूर थोडा कमी झाला, पण ठोका वाढला. तोवर फेब्रुवारी संपत आला होता, पोफळीची पानं पिवळी पडू लागली होती आणि आबांचा बराच पैसा या कामात गेला होता.

शेवटी क्रँक ग्राइंडिंगवाल्याचं मत घेतलं. वर्षभरापूर्वी याच क्रँकची पिन, म्हणजे रॉडचं खालचं टोक जिच्यावर फिरतं ती, घासून 0.25 मिलिमीटर उतरवली होती. तो म्हणाला, "त्या वेळी पिनचं केंद्र सरकलं असणार, स्ट्रोक कमी झाला. मी पिन बाहेरच्या बाजूला सरकवून घासून देतो, पिस्टन परत वर येईल." हे करायचं की नाही, एवढं विचारायला मेकॅनिकने मला फोन केला. मी म्हटलं, क्रँक हलवू नकोस, मी येतो.

पहिला निर्णय: खोलण्याआधी काय मोजायचं

पिस्टन आणि हेड (सिलिंडरचं झाकण) यांच्यामधली फट शिसाच्या तारेने बघितलीस का, असं मी विचारलं. त्याने बघितली होती. पिस्टनच्या कडेवर दीड मिलिमीटर जाडीची तार ग्रीसने चिकटवून, हेड आवळून, चाक एक फेरा फिरवलं होतं. तार जशीच्या तशी बाहेर आली. "म्हणजे पिस्टन कुठे लागत नाही, सगळं ठीक आहे," असा त्याने अर्थ लावला.

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची खूण हीच होती आणि तिचा अर्थ उलटा लावला गेला. या इंजिनात ती फट साधारण एका मिलिमीटरची असते. दीड मिलिमीटरची तार चपटी व्हायलाच हवी होती. ती न दबणं याचा अर्थ एवढाच की पिस्टन जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही. मी चार मिलिमीटरची तार गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना लावायला सांगितली, म्हणजे पिस्टन कलून माप फसत नाही. दोन्ही तुकडे 3.1 मिलिमीटर आले.

दोन मिलिमीटर कुठेतरी हरवले होते. ते क्रँकमध्ये हरवले की रॉडमध्ये, हा खरा प्रश्न.

दुसरा निर्णय: रॉड की स्ट्रोक

हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही, डेप्थ गेज पुरतो. पण मनात चित्र स्वच्छ हवं.

पिन क्रँकच्या केंद्रापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. ग्राइंडिंगमध्ये पिन एक मिलिमीटर आत सरकली असेल, तर पिस्टन वर एक मिलिमीटर कमी चढेल आणि खाली एक मिलिमीटर कमी उतरेल. दोन्ही टोकं आत येतील. रॉड आखूड असेल तर तसं होत नाही. वरचं टोक खाली येतं आणि खालचं टोकही तेवढंच खाली जातं. सगळा प्रवास जसाच्या तसा उचलून खाली ठेवल्यासारखा होतो.

हेड काढून सिलिंडरच्या वरच्या पृष्ठापासून मोजलं. वरच्या टोकाला पिस्टन 1.9 मिलिमीटर खोल, खालच्या टोकाला 111.9. वजाबाकी बरोबर 110. क्रँक निर्दोष होता. ग्राइंडिंगवाल्यावर वर्षभरापूर्वीच्या कामाचा जो ठपका येऊ पाहत होता, तोही तिथेच गळला. हे मी त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं, कारण माणसाने नीट काम केलं असेल तर ते त्याच्या कानावर जायला हवं.

मग रॉड काढून मोजला. दोन्ही डोळ्यांमधलं (टोकांच्या भोकांमधलं) आतलं अंतर, अधिक दोघांच्या व्यासांचा अर्धा-अर्धा. आलं 232.

बेळगावच्या दुकानात हा रॉड जुन्याशी जुळवून घेतला होता. दोन्ही रॉड एकमेकांवर ठेवून डोळ्यांतून पिना घातल्या, त्या आरपार गेल्या, झालं समाधान. पण ज्याच्याशी जुळवलं तो रॉड वाकलेला होता. तो एसच्या आकारात, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, सहा-सात मिलिमीटर झोल खाऊन बसला होता. हिशेब केला तर तेवढ्या झोलाने सरळ रेषेतलं अंतर दोन मिलिमीटरने आखूड होतं. वाकून 232 झालेल्या रॉडच्या जागी मुळातच 232 चा, दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा रॉड आला. म्हणूनच रॉड बदलूनही दुखणं हुबेहूब तसंच राहिलं, आणि म्हणूनच रॉडवरचा संशय उठला.

दोन मिलिमीटरने एवढं काय बिघडतं

आबांनी हाच प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. 234 मध्ये 2 म्हणजे एक टक्काही नाही.

पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 6013 चौरस मिलिमीटर. ते गुणिले 2 म्हणजे 12 घन सेंटिमीटर. वरची उरलेली जागा 40 होती, ती 52 झाली. स्ट्रोकमध्ये पिस्टन 661 घन सेंटिमीटर हवा ढकलतो, त्यात काही फरक नाही. पण 17.5 चा रेशो 13.7 वर आला. 30 अंश तापमानाची हवा दाबल्यावर, कागदावरच्या हिशेबाने, 550 अंश सेल्सिअसच्या आसपास जायची ती आता 485 च्या आसपास. हाताने हँडल मारताना वेग कमी असतो आणि थंड लोखंड उष्णता ओढून घेतं, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून खाली येतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, पेट घेण्याचं सगळं काम या उष्णतेवर. डिझेल पडतं, पण पेटायला उशीर करतं. काही न जळता पांढरा धूर होऊन जातं, आणि साठलेलं एकदम पेटलं की ठोका बसतो. इंजेक्शन आणखी लवकर केल्यावर ठोका वाढला तो यामुळेच. हवा अजून कमी तापलेली असताना डिझेल पडू लागलं.

मेकॅनिकच्या डोक्यात मात्र वेगळीच शंका होती. "सर, रॉड आखूड झाला की पिस्टन वरच्या टोकाला कमी वेळ थांबतो ना? रॉड रेशोचा परिणाम असेल." रॉड रेशो म्हणजे रॉडची लांबी आणि स्ट्रोक यांचं गुणोत्तर. त्याने वाचलेलं खोटं नव्हतं. म्हणून त्याला मांगराच्या पायरीवर बसवून आम्ही दोघांनी आकडे काढले. ही चूक फार जणांची होते, म्हणून ते इथे सविस्तर देतो.

रॉड अनंत लांब असता, तर पिस्टनची हालचाल वर-खाली अगदी सारखी झाली असती. क्रँक वरून 90 अंश फिरला की पिस्टन बरोबर अर्ध्यावर, 55 मिलिमीटरवर. खऱ्या इंजिनात रॉड वर-खाली जाता जाता तिरकाही होतो, आणि तिरका झाला की त्याची उभी उंची कमी होते. वरून खाली येताना ही घट पिस्टनच्या उतरण्यात भर घालते. म्हणून 234 च्या रॉडने 90 अंशांवर पिस्टन 61.56 मिलिमीटर उतरलेला असतो. उरलेल्या 90 अंशांत त्याला फक्त 48.44 जायचं असतं. वरच्या टोकाजवळ तो घाईत, खालच्या टोकाजवळ सावकाश. त्याचा सर्वांत जास्त वेगही 90 अंशांवर नसतो, आधीच, सुमारे 77 अंशांवर येतो. 1500 फेऱ्यांना वरच्या टोकाला पिस्टनचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या 171 पट, खालच्या टोकाला 106 पट. हा सगळा फरक क्रँकची त्रिज्या आणि रॉडची लांबी यांच्या गुणोत्तरातून येतो. वरच्या टोकाला प्रवेग 1 अधिक ते गुणोत्तर या हिशेबाने वाढतो, खालच्या टोकाला 1 उणे त्याने घटतो.

आता रॉड 232 घ्या. 90 अंशांवर पिस्टन 61.61. फरक 0.06 मिलिमीटर. वरच्या टोकापासून 10 अंशांवर, जिथे ज्वलनाचा खेळ चालतो, तिथे 234 ने पिस्टन 1.0306 मिलिमीटर उतरतो आणि 232 ने 1.0322. जवळपास दोन हजारांश मिलिमीटर. म्हणजे पिस्टन कसा हलतो यात काहीही बदललं नव्हतं. तो कुठे हलतो हे मात्र हजारपटीहून जास्त बदललं होतं.

रॉडच्या लांबीने हालचालीचा आकार खरंच बदलायचा, तर फरक मोठा हवा. याच स्ट्रोकला 165 चा रॉड असता, तर 90 अंशांवर पिस्टन 64.4 वर असता आणि वरच्या टोकाचा प्रवेग आठ टक्के वाढला असता. इंजिन आखताना तो विचार होतो आणि व्हायलाच हवा. दुरुस्तीच्या टेबलावर रॉड रेशोची चर्चा करण्याआधी पिस्टनची उंची मोजावी.

समोर असलेले पर्याय

क्रँकपिन सरकवून घासणं हा पर्याय मला सर्वांत धोक्याचा वाटला, आणि तोच सर्वांत सोपा म्हणून पुढे आला होता. त्रिज्या 57 केली की पिस्टन वर जुन्या जागी येतो, हे खरं. पण स्ट्रोक 114 होतो, आणि आखूड रॉड धरून खालचं टोक मूळ जागेपेक्षा चार मिलिमीटर खाली जातं. तिथे पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) क्रँकच्या वजनांना लागण्याची भीती. केंद्र दोन मिलिमीटर सरकवायचं तर पिनचा व्यास निदान चार मिलिमीटरने उतरतो. बाजारात अंडरसाइज बेअरिंग 0.25, 0.50 अशा पायऱ्यांनी मिळतात, चारचं कुठून आणणार? पिनवरचा कडक थर जातो तो वेगळाच. वर प्रवेग साडेचार टक्के वाढतो. आणि एकदा घासलेलं लोखंड परत येत नाही.

सिलिंडरखालची पॅकिंग काढून तो खाली बसवणं हा दुसरा. सगळी पॅकिंग मिळून 0.4 मिलिमीटर होती. ती बारीक जुळणीसाठी असते, तिच्यात दोन मिलिमीटर सापडणार नाहीत.

सिलिंडर ब्लॉकचा तळ दोन मिलिमीटर फेसिंग करून घेणं, असंही कुणीतरी सुचवलं होतं. त्याने फट जुळली असती. पण व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड दोन मिलिमीटर जास्त लांब ठरले असते, त्यांच्यावरच्या रॉकरचा कोन बिघडला असता आणि पुढे कधी योग्य रॉड मिळालाच, तर पिस्टन हेडला लागला असता. आजची चूक कायमची लोखंडात कोरण्यासारखं ते होतं.

उंच माथ्याचा दुसरा पिस्टन शोधणं हा पर्याय मी थोडा वेळ मनात धरला. पण या इंजिनात ज्वलनाची वाटी पिस्टनच्याच माथ्यात असते. वेगळी वाटी आली की फवारा वेगळ्या जागी पडतो.

उरला सरळ मार्ग, 234 चा योग्य रॉड. अडचण वेळेची होती. पार्ट नंबरवर मागवायला चार-पाच दिवस, आणि झाडं आधीच तहानलेली. मेकॅनिक म्हणाला, तोवर आहे तसंच बांधून चालवू. मी नको म्हटलं. जड ठोक्याने नव्या बेअरिंगची आणि रिंगांची वाट लागली असती. आबांनी शेजाऱ्याचा पंप चार दिवस उसना आणला आणि आधी जायफळांना, मग पोफळींना पाणी दिलं. हा निर्णय त्यांचा होता आणि तो फार मोलाचा ठरला. घाई टळली ती त्यांच्यामुळे.

काय केलं

वाकलेल्या रॉडवरचा नंबर घासून-पुसून वाचला आणि त्यावरून रॉड मागवला. आल्यावर पिशवीतून काढून आधी मोजला. 234. नवे बेअरिंग महिन्याभराचेच होते, तपासून तेच घातले. पॅकिंग होती तशी ठेवून हेड आवळलं, तार लावली, 1.1 मिलिमीटर आली.

काढलेल्या शिम परत फ्युएल पंपाखाली घालायच्या होत्या, पण चाकावरच्या टीडीसीच्या (पिस्टनच्या वरच्या टोकाच्या) खुणेवर माझा भरवसा नव्हता. वरच्या टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. पाच अंश इकडे-तिकडे फिरवलं तरी फरक फक्त पाव मिलिमीटर. नजरेने टीडीसी धरलं तर पाच अंशांची चूक सहज होते. म्हणून पिस्टनच्या वाटेत अडसर लावून चाक दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवलं, दोन्ही खुणांचा मध्य घेतला. जुनी खूण बरोबर निघाली. इंजेक्शन टीडीसीच्या 23 अंश आधी जुळवलं.

परिणाम

दुसऱ्या हँडलला इंजिन लागलं. मिनिटभरात धूर स्वच्छ झाला. आबा पाटाच्या तोंडाशी उभे होते. पाण्याचा लोट आला तसे ते काही न बोलता खाली वाकले आणि पाटातली पानं हाताने बाजूला करू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावरही तिसऱ्या हँडलच्या आत सुरू झालं. जूनपर्यंत तक्रार आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरात पाणी निघालं त्याच दिवशी शिसाची तार लावायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम आहे. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं गेलेलं इंजिन पुन्हा चालू झालं, म्हणजे रॉड सरळ आहे असं होत नाही.

बिघडलेल्या भागाशी नवा भाग जुळवणं, ही दुसरी गोष्ट. दुकानात व्हर्नियर असतो. दोन मापं आणि एक बेरीज, एवढ्यात 232 आणि 234 मधला फरक कळला असता. नाही तर पार्ट नंबर होताच, फक्त काजळीखाली झाकलेला.

माझ्याकडूनही एक उणीव राहिली. डिसेंबरात एका लग्नात मेकॅनिकने मला या इंजिनाबद्दल सांगितलं होतं, आणि मी "नोझल बघ" एवढंच म्हणालो. पाणी शिरल्याचं तेव्हाच विचारलं असतं, तर जानेवारी आणि फेब्रुवारी वाचले असते. लक्षण ऐकल्यावर आधी इतिहास विचारायचा, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत आलो होतो.

शिम काढून टायमिंग बदलताना किती काढल्या हे त्याने लिहून ठेवलं नव्हतं. सुदैवाने त्या तेलाच्या डब्याच्या झाकणात ठेवलेल्या सापडल्या.

एक काम अजून बाकी आहे. रॉड काढला तेव्हा क्रँकपिन मोजली, ती 0.04 मिलिमीटर लंबगोल झाली होती. नोव्हेंबरातल्या त्या दणक्याचा त्यात वाटा असावा. पाण्याचा हंगाम चालू होता, म्हणून पाऊस पडेपर्यंत तशीच चालवायची आणि मग 0.50 ला ग्राइंड करायची, असं आबा, मेकॅनिक आणि मी मिळून ठरवलं. क्रँक जाईल तेव्हा सोबत चिठ्ठी जाणार आहे. ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर पिनची त्रिज्या मोजून लिहावी, दोन्ही वेळा 55.00 हवी. सायलेन्सरचा डबा आबांनी या वेळी तारेने बांधला आहे.